साचा खोलीचा, वस्ती गावाची

आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. माड आणि मासळी यांवर सगळ्यांचं भागेना. म्हणून मालवण तालुक्यातल्या घराघरांतून माणसं आगबोटीने मुंबईला गेली, गिरणीत लागली. पण राहिली कुठे?

दाट शहरांसाठी एकाच मापाच्या, साच्यातल्या घरांची चर्चा हल्ली फार होते. मुंबईने तो प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच केला. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खातं निघालं, तेच बीडीडी. बांधायच्या होत्या 50 हजार खोल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि तेव्हाच्या डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, 207 चाळी उभ्या राहिल्या. खोल्या झाल्या 16 हजारांच्या आसपास. चार मजले, मजल्यावर 20 खोल्या, मधून बोळ, संडास सामाईक. खोली सुमारे 160 चौरस फुटांची. सगळं काँक्रीट. खिडक्यांनाही काँक्रीटच्या पट्ट्या, त्यामुळे आत अंधार. सुरुवातीला कामगार तिथे राहायला तयार होईनात. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळी चक्क तुरुंग म्हणून वापरल्या!

या साच्याला घरपण दिलं ते माणसांनी. गिरणगावातल्या चाळींत गावोगावच्या मंडळांच्या खोल्या असत. भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं. भिंतीशी ट्रंका रचलेल्या. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बाईही बहुधा मुलखातलीच. बोटीतून उतरलेला नवा मुलगा थेट खोलीवर यायचा. नोकरी कुठे लागेल, उसने कोण देईल, गावच्या देवळाला वर्गणी किती, सगळं तिथेच ठरे. गावच्या घरापुढे खळं, तसा इथे दारापुढचा बोळ.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टोलेजंग इमारतींत 500 चौरस फुटांची घरं मिळाली. स्वतःचा संडास, स्वतःची मोरी. पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला त्याचं मोल विचारा. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक चाळ सोडून गेलेले असतात!

माझी शंका एवढीच. चाळीत कुणाचं माणूस गेलं, तर सारा मजला बोळात बसून राही. टॉवरमध्ये लिफ्टसमोर तेवढी माणसं बसतील का, हे नकाशा काढणाऱ्याने एकदा टेप लावून पाहावं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)