सफरचंदाच्या बागेतून पाइनच्या वनात : इंग्लंडमधील क्रॉसबिलचा शोध

क्रॉसबिल हा फिंच कुळातील, म्हणजे बिया फोडून खाणाऱ्या जाड चोचीच्या लहान पक्ष्यांच्या कुळातील पक्षी असून त्याच्या चोचीची दोन्ही टोके एकमेकांना तिरकी ओलांडून जातात. या चोचीने तो सूचिपर्णी वृक्षांच्या शंकूंचे खवले फाकवतो आणि आतील बी जिभेने ओढून काढतो. स्कँडिनेव्हिया व रशियातील स्प्रूसच्या अरण्यांत शंकूंचे पीक कधी उदंड येते, तर कधी विस्तीर्ण प्रदेशात एकदमच बुडते, आणि असे झाले की उन्हाळ्यातच पक्ष्यांचे थवे पश्चिमेकडे निघून इंग्लंडला पोहोचतात व पुष्कळदा हिवाळाभर तेथे राहतात. ठरावीक ऋतूत होणाऱ्या स्थलांतराहून वेगळ्या अशा या अनियमित हालचालीला उद्रेकी स्थलांतर म्हणता येईल.

अशा आगमनाची प्रसिद्ध जुनी नोंद १२५१ सालची आहे. सेंट ऑल्बन्स मठातील इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस याने चंडोलाहून काहीसे मोठे, वाकड्या चोचीचे अनोळखी पक्षी फळबागांत उतरल्याचे, आणि ते सफरचंदे चिरून केवळ बिया खात असल्याचे लिहून ठेवले. शंकूंतील बियांवर जगणारा पक्षी सफरचंदाकडे का वळला, याचे उत्तर त्या काळच्या भूमीत आहे : दक्षिण इंग्लंडातील वने मुख्यतः ओकसारख्या रुंद पानांच्या वृक्षांची होती, तर स्कॉट्स पाइन हा देशी वृक्ष प्रामुख्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात टिकून होता. १५९३ च्या लोंढ्यातही पक्षी सफरचंदांवरच तुटून पडले.

पक्षी तेच राहिले. बदलली ती वने. ब्रेकलंड या पूर्वेकडील वालुकामय पट्ट्यात वाऱ्याने उडणारी माती अडवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात पाइनच्या रांगा लावल्या गेल्या, आणि १९०९ च्या मोठ्या लोंढ्यानंतर क्रॉसबिल तेथे घरटी करून राहू लागले. पहिल्या महायुद्धात लाकडाची तीव्र टंचाई जाणवल्यामुळे १९१९ साली वनीकरण आयोग स्थापन झाला व १९२२ पासून त्याच ब्रेकलंडमध्ये थेटफर्डचे विस्तीर्ण पाइनवन उभे राहू लागले. या एकसुरी लागवडींवर होणारी टीका रास्त आहे, कारण त्यांच्याखाली मोलाची माळराने गेली. तरीही घराजवळच्या वनात क्रॉसबिल शोधणे सामान्य पक्षिनिरीक्षकाला शक्य झाले ते बव्हंशी त्यांच्यामुळेच, हे मान्य करावे लागते.

हा शोध डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक अवलंबून असतो. शेंड्यांवर खाण्यात गुंतलेला थवा जवळजवळ निःशब्द असतो, पण उडताना त्याची धातूसारखी ‘चिप-चिप’ साद दूरवर ऐकू येते. झाडाखाली पडलेले, खवले उभे चिरलेले शंकूही त्याचा माग देतात. कोरड्या बियांच्या आहारामुळे या पक्ष्यांना वारंवार पाणी लागते, म्हणून वनातील डबक्यांपाशी थांबणे ही निरीक्षकांची जुनी रीत आहे. दुर्मीळ जाती ओळखताना झाडाचाही उपयोग होतो : बारीक चोचीचा, पंखांवर दोन पांढरे पट्टे असलेला क्रॉसबिल लार्चवर अधिक रमतो, तर पॅरट क्रॉसबिलची भक्कम चोच पाइनचे कठीण शंकू उघडते. १९८२ च्या शरदात पॅरट क्रॉसबिल मोठ्या संख्येने आले आणि त्यानंतर १९८४ मध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात लावलेल्या होल्कम-वेल्सच्या पाइनपट्ट्यात, त्यांनी घरटे केले.