सूट शिवून घेताना पैसा कुठे घालावा?

मराठी मध्यमवर्गीय घरात सूट आजही प्रसंगानेच येतो. लग्नाचा स्वागत समारंभ, नोकरीची महत्त्वाची मुलाखत, परदेशी शिक्षणासाठी वा कामासाठी होणारे प्रयाण अशा निमित्तांनी तो शिवला जातो. त्या एका कपड्यावर महिन्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो आणि अनेकदा तो कपाटात लटकून राहतो. गुंडी लावली की पोटावर चुण्या पडतात, कॉलर मानेपासून सुटून उभी राहते, दोन-चार वेळा ड्रायक्लीन होऊन आल्यावर छातीवर बुडबुडे आल्यासारखे दिसू लागते.

या अपेक्षाभंगाचे कारण दर वेळी अपुरे बजेट हे नसते. पैसा भलत्या जागी घातला गेलेला असतो. दुकानात ग्राहकाला दिसतात ते कापडाचे नाव, त्याची चमक आणि अस्तराचा रंग. सूटचे आयुष्य मात्र ठरते ते बेतण्यावर, आतल्या थरावर आणि ट्रायलवर. हातातला पैसा मोजका असेल, तर या तीन न दिसणाऱ्या गोष्टींना अग्रक्रम देणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

'मापाचा' म्हणजे नेमके काय?

सूट तीन प्रकारांनी मिळतो. पहिला तयार सूट. तो ठरावीक आकारांत कारखान्यात बनतो. दुसरा 'मेड-टू-मेजर'. यात कंपनीकडे आधीच असलेला नमुना ग्राहकाच्या मापांनुसार लहान-मोठा केला जातो आणि कापड बहुधा कारखान्यात कापले जाते. तिसरा 'बिस्पोक'. यात एकाच ग्राहकासाठी नवा नमुना आखतात, कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट अंगावर चढवून पाहतात आणि पुन्हा उसवून दुरुस्त करतात. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्याची ख्याती या तिसऱ्या पद्धतीवर उभी आहे.

मात्र शब्दांवर विसंबून चालत नाही. यंत्राने कापलेल्या पण ग्राहकाच्या मापांवर बेतलेल्या सूटलाही 'बिस्पोक' म्हणता येईल, असा निर्णय ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २००८ साली दिला. तिथेही ही स्थिती असेल, तर आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरील शब्दाने काही सिद्ध होत नाही.

आपल्या शहरांतील पेठेतला वा स्टेशनजवळचा शिंपी या वर्गवारीत कुठे बसतो, हा प्रश्न मनोरंजक आहे. मास्टर ग्राहकाची मापे घेतात आणि खडूने थेट कापडावर आखून ते बेततात. या अर्थाने त्यांचे काम 'बिस्पोक'च्या जवळ जाते. उणीव राहते ती पुढच्या टप्प्यांत. आतला थर स्वस्तातला वापरला जातो आणि गर्दीच्या दिवसांत कच्ची ट्रायल गाळली जाते. या दोन उणिवा ग्राहकाने आग्रह धरल्यास आणि त्याचे वाजवी दाम दिल्यास भरून निघू शकतात. परवडणाऱ्या दरात चांगला सूट मिळण्याची खरी शक्यता इथेच दडलेली आहे.

कापड : आकड्यांचा मोह

मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रस्ता अशा ठिकाणी सूटिंगच्या कापडात भरपूर निवड मिळते. सर्वांत स्वस्त ते पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रणाचे. राजस्थानातील भीलवाडा हे त्याचे मोठे केंद्र. ते टिकाऊ आणि सुरकुत्यांना दाद न देणारे असते, पण पॉलिएस्टरचे प्रमाण जितके जास्त तितका घाम कोंडतो. त्यावर पॉलिएस्टर आणि लोकर यांचे मिश्रण, म्हणजे टेरिवूल. मर्यादित खर्चात ही बहुधा सर्वांत व्यवहार्य निवड ठरते. शुद्ध लोकर गरमच असते हा समजही तितकासा खरा नाही. साध्या विणीचे, हलक्या वजनाचे लोकरी कापड हवा खेळू देते आणि दमट हवेतही पॉलिएस्टरपेक्षा सुखकर वाटते.

सर्वांत जास्त फसगत होते ती 'सुपर १००', 'सुपर १२०', 'सुपर १५०' या आकड्यांपाशी. हे आकडे लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतात. इंटरनॅशनल वूल टेक्स्टाईल ऑर्गनायझेशनच्या संकेतानुसार सुपर १०० साठी तंतूचा सरासरी व्यास १८.७५ मायक्रॉनपेक्षा, सुपर १२० साठी १७.७५ मायक्रॉनपेक्षा आणि सुपर १५० साठी १६.२५ मायक्रॉनपेक्षा जास्त असता कामा नये. आकडा वाढतो तसे कापड मऊ आणि तलम होते, पण ते लवकर चुरगळते आणि घासटीला कमी टिकते. लोकलने वा दुचाकीने कचेरीत जाणाऱ्यासाठी सुपर १०० च्या आसपासचे कापड सुपर १५० पेक्षा अधिक उपयोगाचे असते. शिवाय हा संकेत शुद्ध नव्या लोकरीसाठी आहे. त्यात रेशीम, मोहेर, काश्मिरी लोकर अशा मोजक्या मौल्यवान तंतूंचे मिश्रण चालते, पॉलिएस्टरचे नाही. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाच्या किनारीवर 'सुपर १२०' छापलेले आढळले, तर ती केवळ सजावट समजावी.

कापड पारखण्याचे दोन घरगुती उपाय आहेत. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळून सोडावा. चांगली लोकर बघता बघता पूर्ववत होते. दुसरा उपाय जाळून पाहण्याचा. काठाचे दोन धागे मागून घेऊन दुकानाबाहेर, काळजीपूर्वक पेटवून पाहावेत. लोकर केस जळल्यासारखा वास देत हळूहळू जळते आणि तिची राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. दोन्ही खुणा दिसल्या, तर कापड मिश्रणाचे आहे.

साधारण ५८ इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या व्यक्तीच्या कोट-पँटसाठी ३ ते सव्वातीन मीटर कापड लागते. चौकटी जुळवायच्या असतील, बांधा मोठा असेल वा जाकीट हवे असेल तर ते वाढते. सारे कापड एकाच ताग्यातून घ्यावे, कारण दोन ताग्यांच्या रंगात सूक्ष्म फरक असू शकतो. लग्नाच्या मानपानात मिळालेला सूटपीस वापरायचा असेल, तर शिंप्याकडे जाण्यापूर्वी त्याची लांबी मोजून घ्यावी आणि घडीच्या रेषांवर विटका पट्टा वा कसरीने पाडलेली छिद्रे नाहीत ना, हे उजेडात धरून पाहावे.

आतला थर

कोटाच्या छातीला आकार देतो तो वरचे कापड आणि अस्तर यांच्या मधला थर. उत्तम कोटात हा थर लोकर, सूत आणि घोड्याचे केस यांपासून विणलेल्या कॅनव्हासचा असतो. तो टाक्यांनी सैलसर जोडतात, त्यामुळे काळानुसार तो अंगाच्या वळणावर बसतो. स्वस्त कोटात गोंद लावलेले फ्यूजिंग इस्त्रीच्या उष्णतेने कापडाला चिकटवतात. गोंद हलका असेल, तर ड्रायक्लीनिंगमुळे आणि अतिउष्ण इस्त्रीमुळे तो सुटतो आणि छातीवर ते कुप्रसिद्ध बुडबुडे येतात. मधला मार्ग 'हाफ कॅनव्हास'चा. छाती आणि लॅपेल यांपुरता कॅनव्हास, खाली फ्यूजिंग. मोजक्या पैशांत हाच पर्याय श्रेयस्कर.

तयार कोटात काय आहे हे चिमटीने कळते. खालच्या काजाच्या आसपास पुढचे कापड आणि आतले अस्तर दोन हातांच्या चिमटीत धरून अलग ओढावे. मध्ये तिसरा, सुटा थर हाताला लागला तर कॅनव्हास. वरचे कापडच जाडसर आणि कडक लागले, तर फ्यूजिंग. लॅपेल दुमडून पाहावे. ते चपटे घडी पडल्यासारखे न दिसता गोलाईने वळले पाहिजे.

फ्यूजिंग सर्वथा त्याज्य नाही. चांगल्या दर्जाचे फ्यूजिंग वर्षानुवर्षे टिकते. वर्षातून दोनदा वापरायच्या कोटासाठी ते पुरेसेही आहे. आक्षेप आहे तो फ्यूजिंगच्या कोटाला कॅनव्हासची किंमत मोजण्याला. अस्तराच्या बाबतीत मात्र काटकसर नको. पॉलिएस्टरच्या अस्तराऐवजी व्हिस्कोसचे अस्तर मागावे. कोकणपट्टीच्या हवेत पाठीला निम्मेच अस्तर लावून घेणे हितावह.

माप आणि कच्ची ट्रायल

माप देताना ज्या प्रकारचा शर्ट आणि बूट सूटबरोबर वापरायचे तेच घालून जावे. श्वास रोखून, पोट आत घेऊन उभे राहण्याचा मोह टाळावा. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्याहून किंचित उतरता असतो, संगणकापुढे बसणाऱ्यांची मान पुढे आलेली असते. टेपमध्ये हे येत नाही. ते ओळखणारी नजर हीच मास्टरांची खरी विद्या. मास्टर ग्राहकाला बाजूने आणि पाठीमागून निरखून टिपण करतात की नुसते आकडे लिहून घेतात, यावरून बरेच कळते.

कोट कच्च्या टाक्यांत असताना ट्रायल व्हायलाच हवी. अस्तर पक्के होऊन, खिसे कापून झाल्यावर केलेली ट्रायल नावापुरती असते. लगीनसराईत शिंप्यांकडे कामाचा रेटा असतो आणि पहिला बळी या ट्रायलचा जातो. म्हणून कार्यापूर्वी किमान दीड महिना आधी काम टाकावे. बँकॉक वा हाँगकाँगच्या सहलीत चोवीस तासांत सूट शिवून मिळतो, याचे अनेकांना अप्रूप वाटते. तिथे कुशल कारागीर नाहीत असे नाही, पण एका दिवसात उसवून पुन्हा शिवायला अवधी उरत नाही, हे ध्यानात घ्यावे.

अंगावरची परीक्षा

ट्रायलच्या वेळी क्रम ठरवून पाहावे. कोटाचा खांदा स्वतःच्या खांद्याच्या हाडापाशी संपावा. कॉलर शर्टच्या कॉलरला मागून चिकटून राहावी. गुंडी लावल्यावर पुढे फुलीच्या आकाराच्या चुण्या पडल्या तर कोट तंग आहे. पाठीवर उभ्या घड्या लोंबल्या तर तो सैल आहे. हात खाली सोडले असता शर्टचा कफ साधारण अर्धा इंच दिसावा. हात पुढे करून, बसून, वाकून पाहावे. बगलेत ओढ बसली तर सांगावे.

काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, याची जाण इथे मोलाची ठरते. कंबर, पँटची लांबी, बाहीची लांबी यांत फेरफार सहज होतात. मात्र बाहीवरची काजे खरीखुरी कापली असतील, तर बाही आखूड करणे अवघड होते. खांदा, बगलेची गोलाई आणि कोटाची उंची चुकली, तर दुरुस्ती जवळजवळ नवा कोट शिवण्याइतकी खर्चिक असते. या तीन ठिकाणी 'नंतर बघू' हे उत्तर स्वीकारू नये. शिलाईत आत दाबून ठेवलेले जादा कापड, ज्याला शिंपी 'माया' म्हणतात, ते पँटच्या कमरेत आणि कोटाच्या बाजूंना भरपूर सोडून घ्यावे. चाळिशीकडे झुकणाऱ्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उरलेले कापडही परत मागून ठेवावे. पुढे रफू करताना ते उपयोगी पडते.

बिल, मुदत आणि हक्क

कापड आणि शिलाई यांची रक्कम बिलात वेगवेगळी लिहून घ्यावी. कॅनव्हासचा प्रकार, अस्तर, ट्रायलची आणि सुपूर्द करण्याची तारीख यांची नोंद असावी, कापडाचा छोटा तुकडा बिलाला जोडलेला असावा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये.

शिलाई ही सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तिला लागू होतो. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा सदोष सेवेचे पैसे परत देण्यास बिलातील मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असा आहे. अर्थात, ठरलेले काय होते हे कागदावर नसेल तर तक्रारीला बळ राहत नाही.

किमतीचा हिशेब

सूट महाग की स्वस्त, हे दुकानातल्या आकड्यावरून कळत नाही, तो किती वेळा अंगावर चढला यावरून कळते. उदाहरणादाखल, १८ हजार रुपयांचा सूट सहा वर्षांत साठ वेळा वापरला, तर एका वेळेचा खर्च ३०० रुपये. ९ हजारांचा सूट अवघडल्यासारखे होते म्हणून सहाच वेळा घातला, तर तोच खर्च १,५०० रुपये. या हिशेबात रंगालाही स्थान आहे. चमकदार वा जरीच्या झाकेचा सूट छायाचित्रात शोभतो, पण दुसऱ्या प्रसंगी घालवत नाही. गडद निळा किंवा कोळशासारखा करडा रंग मुलाखतीपासून स्वागत समारंभापर्यंत सर्वत्र चालतो, पँट वेगळी घालून नुसता कोटही वापरता येतो. कोटाआधी पँट झिजते, म्हणून एका कोटाबरोबर त्याच ताग्यातून दोन पँटी शिवून घेतल्यास जोड दीर्घकाळ टिकते.

निगाही याच हिशेबाचा भाग आहे. प्रत्येक वापरानंतर ड्रायक्लीनिंगची गरज नसते. ब्रशने धूळ झटकून, रुंद खांद्याच्या हँगरवर लावून कोट रात्रभर वाऱ्यावर ठेवावा. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडाच्या खोळीत ठेवावा, म्हणजे बुरशी धरत नाही.

बजेट तुटपुंजे असेल, तर कापडात एक पायरी खाली यावे आणि वाचलेले पैसे मास्टरांच्या हाताला, कॅनव्हासला आणि एका जादा ट्रायलला द्यावेत. खांद्यावर नीट बसलेला टेरिवूलचा कोट चुकलेल्या खांद्याच्या शुद्ध लोकरीपेक्षा कधीही उजवा दिसतो. आणि असे काम मन लावून करणारा मास्टर गवसला, तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. त्याच्या वहीत आपली मापे आणि आपल्या उतरत्या खांद्याची नोंद असते, त्यामुळे दुसरा सूट पहिल्याहून नेहमीच बरा होतो.