रिकामी कबर आणि भरलेले प्रश्न : पुनरुत्थानविषयक श्रद्धांच्या अभ्यासाची प्रस्तावना

ख्रिस्ती माणसाला ‘तू पुनरुत्थान मानतोस का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येणार, असे आपण धरून चालतो. २०१७ साली ईस्टरच्या सुमारास बीबीसीने ब्रिटनमध्ये एक पाहणी करून घेतली. तिच्यात स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांनी बायबलमधली हकिकत शब्दशः खरी मानली. नियमित उपासनेला जाणाऱ्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकीच जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी पुनरुत्थान मुळीच मानत नसल्याचे सांगितले, तर कोणताच धर्म न पाळणाऱ्यांतले काही जण चक्क मानणारे निघाले.

असे आकडे आले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. श्रद्धाळू म्हणतात, काळ बिघडला आणि विश्वास पातळ झाला. संशयवादी म्हणतात, लोक शहाणे झाले. दोघांच्या बोलण्यामागचे गृहीतक एकच आहे : पूर्वी सगळे ख्रिस्ती एकच गोष्ट एकाच अर्थाने मानत होते आणि फाटाफूट आधुनिक काळाने आणली. या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्याने हे गृहीतक दाराबाहेर ठेवून यावे. मतभेद पुनरुत्थानाच्या श्रद्धेइतकेच जुने आहेत, आणि त्यांतले काही नव्या करारातच नोंदलेले आहेत.

‘मानतोस का?’ या एका प्रश्नात निदान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. वधस्तंभावर मेलेल्या येशूच्या देहाचे पुढे काय झाले? त्याच्या शिष्यांना नेमका कसला अनुभव आला? बाकीच्या मेलेल्या माणसांचे काय होणार? आणि या सगळ्याचा आज जगण्याशी संबंध काय? एखादा पहिल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणेल आणि चौथ्याला ठाम ‘हो’ म्हणेल. एखादा येशूचे उठणे अक्षरशः मानेल. पण स्वतःच्या मृत्यूनंतर आत्मा स्वर्गात जातो एवढेच त्याला पुरे असेल, देह पुन्हा उठण्याशी त्याला कर्तव्य नसेल. प्रत्येकाची श्रद्धा ही या चार उत्तरांची त्याची स्वतःची जुळणी असते. हे प्रश्न सुटे करून पाहणे हे या अभ्यासाचे पहिले कौशल्य आहे.

सर्वांत जुन्या लेखी साक्षीपासून आरंभ करू. शुभवर्तमाने नंतरची, त्यांच्याआधी, इ. स. ५३ ते ५५ च्या आसपास, पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या प्रकरणात उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची यादी येते : पेत्र, बारा शिष्य, एका वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. यादीत रिकाम्या कबरीचा उल्लेख नाही आणि स्त्रियांची नावेही नाहीत. शिवाय पौल स्वतःला आलेले दर्शन पेत्राच्या दर्शनाच्याच ओळीत बसवतो. याच प्रकरणावरून कळते की पौलाने स्वतः उभी केलेल्या मंडळीतच ‘मृतांचे पुनरुत्थान नाही’ असे म्हणणारे लोक होते. येशूच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. त्यांना उत्तर देताना पौल पेरलेल्या बीजाचा दाखला देतो आणि उठणारा देह आध्यात्मिक असेल असे सांगतो. ‘आध्यात्मिक देह’ म्हणजे काय, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही.

आता मार्ककृत शुभवर्तमानाचे शेवटचे पान जवळून पाहू. तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरीकडे जातात. दारावरची धोंड कोण सरकवील याची त्यांना चिंता असते, पण ती आधीच सरकलेली दिसते. आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला असतो. येशू उठला आहे, तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे, हे शिष्यांना सांगा, असा निरोप तो देतो. स्त्रिया थरथरत पळ काढतात आणि भीतीपोटी कोणालाही काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत मार्कचे लेखन इथेच थांबते. उठलेला येशू कोणाला भेटतो हे सांगणाऱ्या पुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ज्याला सर्वांत जुने शुभवर्तमान समजले जाते, ते असे भीतीवर आणि मौनावर संपते. या शेवटाने आरंभीच्या वाचकांनाही अस्वस्थ केले असणार. नाहीतर तो पुरा करण्याची गरज कोणाला वाटली नसती.

बाकीची शुभवर्तमाने या मौनाला आपापल्या परीने उत्तर देतात. मत्तयाच्या हकिकतीत भूकंप आहे, पहारेकरी आहेत आणि शिष्यांनी देह चोरल्याच्या अफवेचा उल्लेखही आहे. लूककडे येशू अम्माऊसच्या वाटेवर दोघांबरोबर चालतो, पण भाकर मोडीपर्यंत ओळखू येत नाही. नंतर तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखवतो, म्हणजे हे भूत नव्हे हे पटावे. योहानाकडे मग्दालीया मरीया त्याला माळी समजते. तो बंद दारांच्या खोलीत येऊन उभा राहतो आणि थोमाला जखमेत हात घालायला सांगतो. मासा खाणारा देह आणि बंद दारांतून येणारा देह ही दोन चित्रे एकाच श्रद्धेच्या पोटात नांदतात. पुढच्या दोन हजार वर्षांत कोणी पहिल्या चित्राला धरून राहिले, तर कोणी दुसऱ्याला.

या श्रद्धेची पूर्वपीठिका यहुदी आहे. दानीएलाच्या ग्रंथाच्या शेवटी आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातल्या हुतात्म्यांच्या कथेत मृत उठतील ही आशा स्पष्ट दिसते. येशूच्या काळी यहुद्यांतले परूशी पंथाचे लोक ती मानत, सदूकी पंथाचे मानत नसत. म्हणजे वाद त्या मातीत आधीपासून होताच. शेवटच्या दिवशी सर्वांच्या बाबतीत घडावयाचे ते एका माणसाच्या बाबतीत मधेच घडले, हा ख्रिस्ती मंडळींचा दावा मात्र नवा होता.

दुसऱ्या शतकापासून भांडण देहावर येऊन ठेपले. टर्टुलियनने हाडामांसाच्या देहाच्या पुनरुत्थानासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उलट बाजूचे आवाज दीर्घकाळ विरोधकांच्या लिखाणातूनच ऐकू येत. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक पोथ्यांनी त्यांना त्यांचे स्वतःचे शब्द मिळवून दिले. त्यांतले एक पत्र ऱ्हेगिनोस नावाच्या शिष्याला उद्देशून आहे. पुनरुत्थानाची वाट पाहायची नाही, ज्ञान झालेल्याला ते आताच लाभलेले आहे, असा त्याचा रोख आहे. चर्चने हा विचार नाकारला आणि ‘देहाचे पुनरुत्थान’ प्रेषितांच्या विश्वासांगीकारात बसवले. तरी नवे प्रश्न निघतच राहिले. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात ऑगस्टीन विचारतो : आयुष्यभर कापलेल्या केसांचे आणि नखांचे काय होईल? तान्हेपणी गेलेले मूल कोणत्या वयाचे होऊन उठेल? माणसाने माणसाचे मांस खाल्ले, तर ते मांस शेवटी कोणाचे? आज या प्रश्नांचे हसू येईल. पण त्यांच्यामागचा मूळ प्रश्न गंभीर आहे : उठणारा तो मीच, हे कशावरून? कॅरोलाइन वॉकर बायनम यांच्या १९९५ च्या ग्रंथाने अशाच प्रश्नांतून मध्ययुगीन माणसाची स्वतःविषयीची कल्पना उलगडून दाखवली. देह उठेपर्यंतच्या मधल्या काळावरूनही वाद पेटला : चौदाव्या शतकात पोप बाविसावे जॉन यांनी पुण्यवान आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वी देवाचे पूर्ण दर्शन होत नाही असे प्रवचनांत मांडले. त्यावर गदारोळ झाला, मृत्युशय्येवर त्यांनी मत मागे घेतले आणि १३३६ मध्ये त्यांच्या वारसाने विरुद्ध बाजूने निर्णय दिला.

मतभेद नेहमी ग्रंथांतच सापडतात असे नाही. पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स परंपरेच्या पुनरुत्थानचित्रात ख्रिस्त पाताळाची दारे मोडून आदाम आणि हव्वा यांना मनगट धरून वर ओढतो. इस्तंबूलच्या खोरा या एकेकाळच्या चर्चमधले भित्तिचित्र याचा उत्तम नमुना आहे. पश्चिमेत पिएरो देला फ्रान्चेस्काच्या चित्रात ख्रिस्त एकटाच कबरीच्या काठावर पाय रोवून उभा आहे आणि खाली पहारेकरी झोपलेले आहेत. एका चित्रात साऱ्या मानवजातीची सुटका आहे, दुसऱ्यात एकट्याचा विजय. दोन्ही चित्रकारांनी जे रंगवले, त्या क्षणाचे वर्णन चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. अंत्यविधींतूनही श्रद्धा वाचता येते. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाची मुभा दिली. २०१६ च्या निवेदनात मात्र रक्षा विखुरू नये, पवित्र जागी जतन करावी, असे बजावले. देहाचे पुनरुत्थान मानणारी संस्था राखेकडे कसे पाहते, हे त्या दोन निर्णयांत दिसते.

आधुनिक चिकित्सेचा आरंभ बहुधा हॅम्बुर्गच्या रायमारुसपासून सांगतात. शिष्यांनी देह चोरला, हे त्याचे मत त्याच्या मृत्यूनंतर लेसिंगने १७७० च्या दशकात लेखकाचे नाव झाकून छापले. १८३५ मध्ये स्ट्राउसने चोरी आणि चमत्कार दोन्ही बाजूला सारून या कथा म्हणजे मिथके आहेत अशी मांडणी केली आणि ट्युबिंगनमधली जागा गमावली. विसाव्या शतकात बुल्टमानने पुनरुत्थानाचा अर्थ मंडळीच्या घोषणेत शोधला. बार्थने ते खरोखर घडले असे मानले, पण इतिहासकाराच्या मापात ते बसत नाही असेही सांगितले. पॅननबर्गने नेमके उलटे म्हटले : घडले असेल तर त्याची ऐतिहासिक तपासणी झालीच पाहिजे. म्हणजे मानणाऱ्यांमध्येही पुरावा कशाला म्हणावे यावर एकमत नाही. अलीकडे गेर्ड ल्युडेमान यांनी पेत्राचे दर्शन शोक आणि अपराधभाव यांतून समजावले. एन. टी. राइट यांनी २००३ च्या जाडजूड ग्रंथात रिकामी कबर आणि दर्शने या दोन्हींशिवाय ख्रिस्ती धर्माचा उगम समजत नाही असा युक्तिवाद केला. डेल अॅलिसन यांनी शोकग्रस्तांना मृत आप्त दिसल्याच्या नोंदी तपासून दोन्ही बाजूंना सावध केले. पिंखास लापिदे यांची जागा या सगळ्यांत वेगळी आहे : निष्ठावान यहुदी असलेल्या या अभ्यासकाने येशूचे पुनरुत्थान घडल्याचे मान्य केले, पण तो आपला मसीहा आहे हे मान्य केले नाही.

विद्वानांची मते सामान्य भाविकांपर्यंत पोचली की काय होते, याचे उदाहरण १९८४ च्या इंग्लंडमध्ये मिळते. ईश्वरविद्येचे प्राध्यापक डेव्हिड जेंकिन्स यांची डरहॅमच्या बिशपपदी निवड झाली होती. त्यांनी दूरचित्रवाणीवर कुमारीजन्म आणि पुनरुत्थान यांविषयी मोकळेपणाने शंका मांडल्या. ६ जुलैला यॉर्क मिन्स्टरमध्ये त्यांचा दीक्षाविधी झाला आणि ९ जुलैच्या पहाटे त्याच इमारतीला आग लागली. वीज पडल्याने ती लागली असावी असा निष्कर्ष निघाला. काहींनी तो देवाचा कोप मानला. पुढे रेडिओवर त्यांनी पुनरुत्थान हा हाडांचा जादूचा खेळ नव्हे, त्याहून मोठी गोष्ट आहे, अशा अर्थाचे विधान केले. लोकांत पसरले ते उलटे : बिशप पुनरुत्थानाला जादूचा खेळ म्हणाला! १९८६ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी आपली भूमिका जाहीर करणारे निवेदन काढले. या प्रकरणात मतभेद जितका होता, तितकाच चार प्रश्नांचा एकमेकांत झालेला गुंताही होता.

मराठी वाचकाला हे क्षेत्र अगदीच परके नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूचे चरित्र ओवीत आणले, तेव्हा उठलेल्या येशूची कथाही मराठीत आली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्रित्वाच्या सिद्धान्तावर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद मांडला. त्या वादाचे केंद्र पुनरुत्थान नव्हते. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून एखादा सिद्धान्त पत्करणे आणि स्वतः वाचून तो पटणे यांत त्यांनी केलेला फरक या अभ्यासालाही उपयोगी पडतो. ज्या बाईने असे प्रश्न विचारले, तिनेच उत्तरायुष्यात मूळ भाषा शिकून सबंध बायबल मराठीत आणले. शंका आणि निष्ठा एकाच माणसात राहू शकतात, हे याहून सरळ कसे सांगावे?

या अभ्यासाची शिस्त फार अवघड नाही. कोणी काय मानतो हे आधी त्याच्याच शब्दांत मांडावे, खरेखोटे नंतर ठरवावे. इतिहासाचे प्रश्न इतिहासाच्या साधनांनी सोडवावेत, पण ती साधने कुठपर्यंत पुरतात याचेही भान ठेवावे. संशय घेणारा अप्रामाणिक आणि श्रद्धाळू भोळा, असे धरून चालू नये. आणि प्राध्यापकांच्या ग्रंथांइतकेच लक्ष उपासनेतल्या गीतांकडे, थडग्यावरच्या मजकुरांकडे आणि दुखवट्याच्या वेळी माणसे एकमेकांना काय म्हणतात याकडे द्यावे. लोकांची खरी श्रद्धा पुष्कळदा तिथे सापडते.

नव्याने येणाऱ्याने एक काम आधी करावे. चारही शुभवर्तमानांतल्या पुनरुत्थानाच्या हकिकती आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे पंधरावे प्रकरण एका बैठकीत वाचावे. एका कागदावर रकाने पाडून कबरीकडे कोण गेले, तिथे कोण दिसले, येशू कोणाला आणि कुठे भेटला, त्याचा देह कसा होता, हे ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहावे. विसंगती दिसल्या की त्या घाईने जुळवू नयेत आणि त्यांच्यामुळे सगळेच टाकूनही देऊ नये. पुढे वाचायच्या बहुतेक मतांचे मूळ त्या कागदावरच्या एखाद्या रकान्यात सापडेल. मग वर उल्लेखिलेले अभ्यासकांचे ग्रंथ कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील.