मौनाचा अर्थ आणि मापाची मुभा

यंत्रभागाचे ड्रॉइंग हीदेखील एक संहिता असते, असे म्हटले तर आमच्या काही वाचकांना ते ओढूनताणून आणलेले वाटेल. परंतु तिच्यातही चिन्हे असतात, गृहीतके असतात, आवृत्त्यांनुसार बदलणारे संकेत असतात; आणि तिचा अर्थ लावणारा चुकला तर चांगला भाग भंगारात जातो किंवा सदोष भाग इंजिनात बसतो. अशाच एका संकेताचा, कारखान्यात ‘बोनस टॉलरन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुभेचा, इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो.

कोणताही भाग कागदावरच्या मापाबरहुकूम तंतोतंत बनत नाही. म्हणून मापाशेजारी चुकीची हद्द लिहिलेली असते, तोच टॉलरन्स. ही हद्द पाळली गेली की नाही हे ठरवण्याचे पूर्वीचे साधन म्हणजे गेज. लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन या भिंगनिर्मात्या कंपनीच्या विल्यम टेलर यांनी 1905 साली गेजविषयीचे एक तत्त्व पेटंटच्या रूपाने मांडले. जे गेज आत गेले पाहिजे, त्याने जोडीच्या भागासारखे पूर्ण रूप घेऊन आकार व घडण एकदम तपासावी. जे आत जाता कामा नये, त्याने एका वेळी एकच माप तपासावे. भाग चांगला की वाईट हे आकड्यांवरून नव्हे, तर तो आपल्या जोडीदाराशी जुळतो की नाही यावरून ठरावे, हा विचार या तत्त्वाच्या मुळाशी आहे.

पुढचे पाऊल स्कॉटलंडमध्ये पडले. अलेक्झांड्रिया या गावी, जेथे एके काळी आर्गाइल मोटारी तयार होत, त्या इमारतीत पुढे ब्रिटिश नौदलाचा टॉर्पेडो कारखाना आला. तेथील स्टॅन्ली पार्कर यांनी 1940 साली घाऊक उत्पादनातील रचना व तपासणी यांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्यांच्या विचाराचे सार सोपे आहे. छिद्राचे केंद्र आडवे आणि उभे प्रत्येकी 0.1 मिमी इकडेतिकडे चालते असे लिहिले, की परवानगीचा चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या कोपऱ्यातले केंद्र मध्यापासून 0.141 मिमी दूर असूनही ग्राह्य ठरते. मग त्याच अंतरावर, पण बाजूच्या दिशेला असलेले केंद्र अग्राह्य का? कोपऱ्यांतून जाणारे वर्तुळ घेतले तर मान्य क्षेत्र चौकोनापेक्षा सुमारे 57 टक्क्यांनी वाढते, आणि भागाच्या कामात काहीही बिघडत नाही. युद्धकाळात ही वाढ किती मोलाची होती हे सांगावयास नको.

बोनस टॉलरन्स हे याच विचारसरणीचे अपत्य. समजा, छिद्राचा व्यास 10.00 ते 10.20 मिमी चालतो आणि त्याच्या स्थितीला 0.10 मिमी टॉलरन्स आहे. शिवाय वर्तुळातील ‘एम’ हे चिन्ह आहे. याचा अर्थ, 0.10 ही हद्द छिद्र सर्वांत लहान असतानाची, म्हणजे भागात जास्तीत जास्त धातू शिल्लक असतानाची आहे. त्यासाठीच्या गेजची खुंटी 9.90 मिमीची. आता छिद्र 10.15 मिमीचे झाले तर तीच खुंटी अधिक सैल बसेल आणि छिद्राच्या स्थितीची चूक व्यासाच्या हिशेबाने 0.25 मिमीपर्यंत असली (म्हणजे केंद्र 0.125 मिमीपर्यंत सरकलेले असले) तरी आत जाईल. ही 0.15 ची भर म्हणजे बोनस. मात्र हा शब्द फसवा आहे, असे आम्हांला वाटते. येथे कोणी औदार्य दाखवलेले नाही. गेजच्या खुंटीला बेरीज येत नव्हती. ती आपोआप न्याय करीत होती.

ही बेरीज करण्याची पाळी गेजची जागा यंत्राने घेतल्यावर आली. 1950 च्या दशकात एडिंबरा येथील फेरांटी कंपनीने अवकाशातील बिंदूंचे निर्देशांक मोजणारे यंत्र पुढे आणले. 1972 साली कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाच्या कामात डेव्हिड मॅक्मर्ट्री यांनी स्पर्शाने संकेत देणारा प्रोब शोधला आणि त्यातून 1973 साली रेनिशॉ कंपनी उभी राहिली. पुढे संगणक आला. आता सॉफ्टवेअर छिद्राच्या भिंतीवरचे काही बिंदू घेते, त्यांतून वर्तुळ काढते आणि बोनस मोजते.

अडचण ‘कोणते वर्तुळ’ या प्रश्नात आहे. सॉफ्टवेअरमध्ये सहसा बिंदूंच्या सरासरीतून जाणारे वर्तुळ काढले जाते. छिद्र किंचित वेडेवाकडे असेल तर हे सरासरी वर्तुळ 10.15 चे भरेल, पण आत खरोखर मावणारी सर्वांत जाड खुंटी 10.11 चीच असेल. मग खरा बोनस 0.11 आणि एकूण मुभा 0.21, सॉफ्टवेअर मात्र 0.25 म्हणेल. छिद्राच्या स्थितीची चूक व्यासाच्या हिशेबाने 0.23 असेल तर पडद्यावर तो भाग पास होईल आणि प्रत्यक्ष जोडणीत अडेल.

दुसरी अडचण मौनाची. अमेरिकी मानकाच्या 1982 च्या आवृत्तीत स्थितीच्या टॉलरन्सजवळ कोणती अट लागू आहे हे लिहिणे सक्तीचे होते. 1994 च्या आवृत्तीने ठरवले, की काहीच लिहिले नसेल तर आकार काहीही असो, टॉलरन्स तेवढाच, बोनस नाही. तेव्हा चिन्ह नसलेली तीच चौकट एका आवृत्तीत अपुरी, तर दुसरीत पूर्ण विधान ठरते. जुनी संहिता कोणत्या काळच्या संकेतांनी वाचावी, हा आपल्याला परिचित असलेला प्रश्न येथे धातूच्या भागापुढे उभा राहतो.

टेलर यांच्या गेजमध्ये नियम आणि त्याचे कारण एकत्रच होते. खुंटी आत गेली, की दोन्ही सिद्ध झाली. सॉफ्टवेअरमध्ये नियम शिल्लक राहिला आणि कारण वाचणाऱ्याच्या आठवणीवर सोपवले गेले. म्हणून बोनसच्या रकान्यावर टिचकी मारण्यापूर्वी तपासनिसाने ड्रॉइंगवरचे मानकाचे साल पाहावे, चिन्ह पाहावे, आणि हे छिद्र कोणाशी जुळण्यासाठी आहे हे स्वतःला विचारावे. शंका उरलीच, तर 9.90 ची खुंटी घालून पाहण्यास आजही काही हरकत नाही.