बंद लॅपटॉपचे सुटे भाग

लॅपटॉप बंद पडतो तो बहुधा एखाद-दुसऱ्या भागामुळे. मदरबोर्डवरचा वीजपुरवठा जळतो, आत पाणी जाते, बिजागरी मोडते किंवा पडद्याची केबल तुटते. रॅम, डिस्क, कीबोर्ड, वाय-फाय कार्ड मात्र बऱ्याचदा धडधाकट राहतात. असे भाग काढून त्याहून जुन्या यंत्रात बसवायचे आणि त्याचे आयुष्य वाढवायचे, ही पद्धत लॅपटॉपइतकी जुनी नाही. १९८५ च्या तोशिबा टी-११०० च्या काळात प्रत्येक कंपनीची घडण वेगळी होती, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्यात बसण्याचा प्रश्नच येत नसे. आधी मापे जुळावी लागली.

पहिले माप डिस्कचे जुळले. १९८८ मध्ये प्रेअरीटेक या अमेरिकी कंपनीने अडीच इंची हार्ड डिस्क आणली. तिची क्षमता २० मेगाबाइट होती. कंपनी फार टिकली नाही, पण ते माप टिकले. रॅमच्या बाबतीत हेच काम १९९० च्या दशकात ‘सो-डिम’ या छोट्या पट्टीने केले. मात्र पिढ्यांमधली कुंपणे राहिली. डीडीआर आणि डीडीआर-२ या दोन्ही पट्ट्यांना २०० पिना असतात, तरी खाच किंचित सरकवलेली असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर-३ ची कमी व्होल्टेजवर चालणारी १.३५ व्होल्टची पट्टी १.५ व्होल्टच्या जुन्या यंत्रात सहसा चालते. उलट प्रयोग फसू शकतो. डिस्कमध्ये सुदैवाने साटा जोडणी दीर्घकाळ कायम राहिली. नव्या लॅपटॉपची एसएसडी जुन्यात लावली, तर ती जुन्या जोडणीच्या मर्यादेत चालते, पण तेवढ्यानेही यंत्राचा मंदपणा जातो. जुने यंत्र सुधारण्याचा याहून परिणामकारक उपाय क्वचितच सापडेल.

या पद्धतीला खरा बहर आला तो आयबीएमच्या थिंकपॅडमुळे. १९९२ पासून विकल्या गेलेल्या या लॅपटॉपसाठी कंपनी दुरुस्तीची सविस्तर पुस्तिका सर्वांना खुली ठेवत असे. कोणता स्क्रू कुठला, कोणता भाग कोणत्या क्रमाने निघतो, प्रत्येक भागाचा क्रमांक काय, हे सारे त्यात असे. पुस्तिका दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी होती. हौशी लोकांनी तिचा उपयोग एका यंत्राचे अवयव दुसऱ्यात बसवण्यासाठी केला. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोव्होकडे गेल्यावरही ही परंपरा सुरू राहिली.

तिचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे ‘फ्रँकनपॅड’. २००६ च्या थिंकपॅड टी-६० चा १५ इंची पडदा, त्यातही १६०० बाय १२०० बिंदूंचा आयपीएस प्रकार, अनेकांना फार प्रिय होता. पण त्याच्या मदरबोर्डवर सुमारे ३ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरता येत नसे. पुढच्या वर्षीचा टी-६१ यात सरस होता, ८ जीबीपर्यंत रॅम घेत असे. मात्र तो मुख्यतः रुंद पडद्यात आला. टी-६१ चा एक १४ इंची, जुन्या चौकोनी घाटाचा प्रकारही निघाला होता. त्याचा मदरबोर्ड १५ इंची टी-६० च्या सांगाड्यात बसवता येतो, हे हौशी लोकांनी शोधून काढले. नवा मेंदू आणि जुना पडदा असे हे यंत्र कोणत्याही कारखान्यात तयार झाले नव्हते. पुढे चीनमधल्या हौशी अभियंत्यांनी एक्स-६० आणि एक्स-६१ च्या सांगाड्यासाठी पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा ‘एक्स-६२’ हा मदरबोर्डच नव्याने बनवला. उलट दिशेनेही देवघेव झाली: २०११ च्या एक्स-२२० चा सात ओळींचा कीबोर्ड २०१२ च्या एक्स-२३० मध्ये लावण्यासाठी लोकांनी कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचे फर्मवेअर बदलले.

कंपन्यांनी मात्र काही दारे मुद्दाम बंद केली होती. मंजूर यादीबाहेरचे वाय-फाय कार्ड लावले, की अनेक थिंकपॅड सुरूच होत नसत आणि पडद्यावर १८०२ क्रमांकाची चूक दिसे. रेडिओलहरींच्या परवान्याचे कारण दिले जाई. ग्राहकाच्या हातातले चालू कार्ड निकामी ठरे, हे त्याचे फळ. बायोस बदलून हे कुलूप काढणे हाही या छंदाचा भाग बनला.

भारतात हे काम छंदापेक्षा पोटापाण्याचे अधिक. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दिल्लीतले नेहरू प्लेस इथे नव्या मालाइतकाच काढलेल्या मालाचा व्यवहार महत्त्वाचा. पडदा, कीबोर्ड, रॅम घेताना गिऱ्हाईक जुना भाग सोबत नेते, म्हणजे जोडणी ताडून पाहता येते. पूर्ण मेलेले मदरबोर्डही टाकून दिले जात नाहीत; त्यांवरच्या चिपा गरम हवेने उचलून दुसऱ्या बोर्डाला डाख देऊन बसवल्या जातात. ज्या कारागिरांना हे जमते, त्यांचे कौशल्य कुठल्याही कारखान्याच्या तंत्रज्ञाच्या तोडीचे आहे.

या साऱ्यावर गदा आली ती पातळपणाच्या हव्यासाने. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम थेट बोर्डाला डाखलेली होती. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये तेच झाले, वर बॅटरी चिकटवलेली. इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांनीही पाचव्या पिढीपासून सॉकेट सोडले. अशा यंत्राचा बोर्ड गेला, की चांगली रॅम आणि प्रोसेसरही त्याबरोबर जातात.

अलीकडे वारे काहीसे फिरले आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचा गुणांक छापणे बंधनकारक केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅम-२’ या पातळ पण काढता येणाऱ्या रॅमचे मानक प्रसिद्ध झाले. आणि २०२१ मध्ये आलेल्या फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीच्या लॅपटॉपमध्ये, हौशी लोक थिंकपॅडवर जे खटपटीने करत, तेच विक्रीचे वैशिष्ट्य बनले: २०२१ च्या सांगाड्यात २०२३ चा एएमडी मदरबोर्ड स्क्रूने बसतो. रॅम तेवढी डीडीआर-५ घ्यावी लागते. काढलेला जुना बोर्ड स्वतंत्र पेटीत घालून छोटा संगणक म्हणून चालवता येतो, आणि जुनी डीडीआर-४ त्याच्यावर तशीच राहते.