हातातील कोडे आणि चिपचे संगीत : ‘ब्रिक गेम’चा वस्तू-इतिहास

प्रस्तावना :

मानवी संस्कृतीच्या इतिहासात खेळांना महत्त्वाचे स्थान आहे. सारीपाट, बुद्धिबळ, गंजिफा या बैठ्या खेळांची दखल इतिहासकारांनी व संग्राहकांनी घेतली आहे. सावंतवाडीच्या गंजिफा आज कलावस्तू म्हणून जपल्या जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय मराठी घरांत आलेल्या ‘ब्रिक गेम’ या खेळण्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. राखाडी पडदा, चार-पाच बटणे, दोन-तीन पेन्सिल सेल आणि किरकिऱ्या आवाजातील एखादी धून एवढाच त्याचा पसारा. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांची ओळ पूर्ण करायची, ओळ भरली की ती नाहीशी होते आणि ठोकळे वरपर्यंत साचले की डाव संपतो.

अशी क्षुल्लक वाटणारी वस्तू इतिहासाचे साधन ठरू शकते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. हातोहाती फिरणाऱ्या, मोठ्या संख्येने निर्माण होणाऱ्या लहान वस्तूंवरून इतिहास वाचण्याची परंपरा नाणकशास्त्राच्या रूपाने येथे रुजलेली आहे.

खेळाचा उगम :

ब्रिक गेमचे मूळ ‘टेट्रिस’ या खेळात आहे. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तो तयार केला. अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलोम्ब यांनी पाच चौकोनांच्या आकृत्यांना ‘पेंटोमिनो’ हे नाव दिले होते. या आकृत्यांच्या जुळणीच्या कोड्यातून पाजित्नोव यांना कल्पना सुचली. पाच चौकोनांचे आकार बारा होतात, चार चौकोनांचे फिरवून सातच उरतात. हे सात आकार खेळणाऱ्याच्या ध्यानात सहज राहतात. पाजित्नोव वापरत असलेल्या ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. त्यामुळे ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले जात. साधनांच्या मर्यादेतून खेळाचे रूप ठरले, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

सोव्हिएत व्यवस्थेत या खेळाचे हक्क ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेकडे होते. १९८९ मध्ये हेंक रॉजर्स यांनी मॉस्कोला जाऊन हातात धरावयाच्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवले. त्याच वर्षी जपानच्या निन्तेंदो कंपनीचा ‘गेम बॉय’ बाजारात आला आणि टेट्रिस त्याची ओळख बनला. गुनपेई योकोई यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या यंत्राचा पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा व चार छटांचा होता. रंगीत पडदा तेव्हा शक्य होता, तथापि स्वस्त, टिकाऊ व सेलवर दीर्घकाळ चालणारे यंत्र हे उद्दिष्ट निर्मात्यांनी पत्करले.

भारतातील आगमन :

गेम बॉय सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्यात नव्हता. घरोघरी पोहोचला तो त्याचा निनावी, स्वस्त अवतार. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात आयातीचे दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले व उर्वरित संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले. शहरांच्या बाजारपेठांतून व फेरीवाल्यांकडून परदेशी बनावटीची खेळणी मिळू लागली. ब्रिक गेम हे त्यांपैकी एक होय.

या यंत्राचा पडदा बहुधा दहा स्तंभ व वीस ओळी, म्हणजे दोनशे चौकोनांचा असे. चौकोन काचेवर आधीच आखलेले असत. यंत्र फक्त त्यांपैकी कोणते काळे करावयाचे हे ठरवी. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असले, तरी प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेग व पातळी बदलून पुन्हा मोजलेले असत. ही संख्या म्हणजे खेळांची गणना नव्हती, ती ग्राहकाच्या आशेची गणना होती.

पुनर्मुद्रित नाणे आणि नक्कल केलेला खेळ :

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही क्षहरात राजा नहपान याची नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. धातू तोच, वजन तेच, अनेक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेचे अवशेषही शिल्लक, मात्र अधिकार नवा. या एका साठ्यावरून सत्तांतराचा इतिहास सिद्ध होण्यास मोठे साहाय्य झाले.

ब्रिक गेमलाही पुनर्मुद्रणाची ही कल्पना लावून पाहता येते. खेळाचा गाभा मॉस्कोचा, यंत्राचा आकार बहुधा गेम बॉयच्या वळणाचा, त्यावर उत्पादकाचा वा व्यापाऱ्याचा ठसा नवा. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. गौतमीपुत्राने ठसा उमटवला तो आपला विजय जाहीर करण्यासाठी. खेळण्याच्या नकलाकाराला आपले नाव झाकावयाचे होते. म्हणूनच जोगळटेंभीच्या नाण्यावरून राजा ओळखता येतो, तर अनेक ब्रिक गेमवरून कारखाना ओळखता येत नाही. वस्तू लाखोंच्या हाती गेली आणि निर्माता अज्ञात राहिला, हे जागतिकीकरणाच्या प्रारंभकाळाचे एक वैशिष्ट्य या खेळण्यात स्पष्ट दिसते.

नकलेचा हा प्रश्न पुढे न्यायालयातही गेला. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथील न्यायालयाने एका मोबाइल खेळाविरुद्ध टेट्रिसच्या हक्कधारकांच्या बाजूने निर्णय दिला. खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात, परंतु त्यांना दिलेले दृश्यरूप संरक्षित असू शकते, असा त्याचा आशय होता.

चिपसंगीताचे स्वरूप :

गेम बॉयच्या ध्वनियंत्रणेत चार वाहिन्या होत्या. त्यांपैकी दोन चौकोनी लहरींच्या, एक संग्रहित लहरीची व एक खरखरीची. एवढ्याच सामग्रीवर हिरोकाझू तनाका यांनी टेट्रिसचे संगीत रचले. त्यातील सर्वाधिक गाजलेली धून ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची आहे. या गीताचे मूळ निकोलाय नेक्रासोव यांच्या १८६१ च्या काव्यात असून शीर्षकाचा अर्थ ‘फेरीवाले’ असा होतो. फेरीवाल्यांच्या गीताने जगप्रसिद्ध झालेला खेळ भारतात फेरीवाल्यांच्याच हातून विकला गेला, हा एक मनोज्ञ योगायोग होय.

ब्रिक गेमपाशी चार वाहिन्याही नव्हत्या. एका लहान ध्वनिपट्टीतून एका वेळी एकच स्वर निघे. अशी एकस्वरी चिप त्या काळात इतरत्रही परिचित होती. ‘यूएम ६६’ ही तीन पायांची संगीत-चिप दाराच्या घंटीत, भेटकार्डात व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास वापरली जाई. पाश्चात्त्य संगीतकाराला एकाच स्वरवाहिनीत स्वरमेळ साधत नाही, म्हणून तो वेगवेगळे स्वर अतिवेगाने एकामागून एक वाजवून स्वरमेळाचा आभास निर्माण करतो. ओवी, भजन व रागसंगीतावर पोसलेल्या मराठी कानाला मात्र एकेरी स्वररेषा परकी नव्हती. त्याला उणीव भासावी ती मींडेची. चौकोनी लहर एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारते, घसरत जात नाही.

ही उणीव इलेक्ट्रॉनिक वाद्यांत अपरिहार्य नव्हती, हे मुंबईतील एका प्रयोगाने दाखवले. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टीबी-३०३’ व ‘टीआर-८०८’ या रोलँड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. ‘टीबी-३०३’ मध्ये स्वर घसरवण्याची सोय होती. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाली व जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे गेले. २०१५ मध्ये सिंग यांचे निधन झाले. ध्वनिमुद्रिकेची प्रत कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणूनच हे पुनर्मूल्यांकन शक्य झाले.

ऱ्हास आणि पुनरागमन :

१९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या मोबाइलमध्ये तानेली आर्मान्तो यांनी तयार केलेला ‘स्नेक’ हा खेळ आला. पुढे मोबाइल स्वस्त झाल्यावर हातातील कोडे व चिपची धून दोन्ही त्यात सामावली. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत स्थापन केलेल्या ‘इंडियागेम्स’ने मोबाइल खेळांच्या निर्मितीत महाराष्ट्राला स्थान मिळवून दिले. ब्रिक गेम मात्र मागे पडला.

दुसरीकडे, मर्यादा हीच शैली मानणारा वर्ग उदयास आला. १९९८ मध्ये ‘नॅनोलूप’ व २००० मध्ये ‘लिटल साउंड डीजे’ या आज्ञावलींनी गेम बॉयला वाद्य बनवले. २०१७ मध्ये नोकिया ३३१० नव्या रूपात बाजारात आला, तर २०२२ मध्ये ‘प्लेडेट’ हे एकरंगी पडद्याचे व फिरवावयाच्या दांड्याचे नवे यंत्र आले. पूर्वी जे नाइलाजाने होते ते आता निवडीने केले जाते. जुन्या शैलीचे खेळ अशा रीतीने नव्याने घडत असताना मूळ वस्तू मात्र भंगारात जात आहेत.

समारोप :

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत इलेक्ट्रॉनिक खेळणी येतात. त्यांचे शास्त्रशुद्ध विघटन आवश्यकच आहे. तथापि विघटनापूर्वी काही नमुने जतन करणे, त्यांच्या धुनी ध्वनिमुद्रित करणे व वापरणाऱ्यांच्या आठवणी नोंदवणे हे काम स्थानिक पातळीवरच होऊ शकते. गळलेल्या सेलमुळे यंत्राचे आतील जोड गंजतात. चांदीच्या नाण्याप्रमाणे हे खेळणे दोन हजार वर्षे जमिनीत वाट पाहू शकणार नाही.

नाशिकला १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. वस्तू कशी नोंदवावी, ठसा कसा वाचावा, अस्सल व नक्कल यांचा परस्परसंबंध कसा लावावा, याचे पद्धतिशास्त्र या भूमीत उपलब्ध आहे. महाविद्यालयांतील इतिहास, संगीत, वाणिज्य व इलेक्ट्रॉनिक्स या विभागांनी ते एकत्रितपणे वापरल्यास उदारीकरणोत्तर बालपणाचा इतिहास साधनांसह लिहिता येईल. हे काम आजच्या पिढीने हाती घेतले नाही, तर पुढील संशोधकाच्या हाती ‘९९९९ इन १’ असे छापलेले रिकामे वेष्टनच लागेल.