पेशी, कलम आणि उपचार

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते विनोबांचे जन्मगाव म्हणून. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे इथे जन्मले. पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली, आणि त्या ‘गीता प्रवचने’मध्ये शब्दांविषयीचा एक फार मोलाचा विचार येऊन गेला. जुने शब्द फेकून द्यायचे नाहीत, त्यांच्यावर नव्या अर्थाचे कलम करायचे; विचारांत क्रांती घडवण्याची ही अहिंसक रीत आहे, असा त्याचा आशय. ‘यज्ञ’ या शब्दाचे गीतेने काय केले ते पाहिले की विनोबांचे म्हणणे लगेच पटते.

मूलपेशींवर, म्हणजे स्टेम सेल्सवर, मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते वाचताना मला हा विचार वारंवार आठवतो. या शास्त्राची जवळजवळ सगळी मराठी परिभाषा कलमी आहे. खुंट शेकडो वर्षांचा जुना, वरची काडी विसाव्या शतकातली. त्यात वाईट काही नाही. पण फळ काडीचे आहे हे विसरून ते मूळ खुंटालाच लागत होते असे कुणी सांगू लागले, की घोटाळा सुरू होतो.

‘कलम’ या शब्दापासूनच सुरुवात करू. तो आपल्याकडे अरबीतून आला. ‘क़लम’ म्हणजे बोरू, आणि अरबीत तो आला ग्रीक ‘कालामोस’वरून, म्हणजे वेतासारख्या पोकळ काडीवरून. बोरू तासतात तशी झाडाची काडी तिरकी तासायची म्हणून ते कलम. इंग्रजीत डॉक्टर ज्याला ‘ग्राफ्ट’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळही लेखणीतच आहे: ग्रीक ‘ग्राफिऑन’ म्हणजे लिहिण्याची टोकदार सळई. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटांनी दोन भाषा लेखणीकडून झाडाकडे गेल्या. पुढे शल्यवैद्यांनी तोच शब्द त्वचेला आणि अस्थिमज्जेलाही लावला.

आता ‘पेशी’. हा शब्द मराठीने विज्ञानासाठी निवडला तो मला फार आवडतो. 1665 साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला रिकामे कप्पे दिसले, आणि मठातल्या साधूच्या खोलीवरून त्याने त्यांना ‘सेल’ म्हटले. म्हणजे इंग्रजी नाव पडले ते मेलेल्या, रिकाम्या कप्प्यांवरून. ‘पेशी’ मात्र आधीपासूनच जिवंत आहे. अमरकोशात पक्ष्याच्या अंड्याला जे शब्द दिले आहेत त्यांत पेशी आहे आणि कोशही आहे. मराठीने सेलसाठी पहिला उचलला, हिंदीने दुसऱ्यावरून ‘कोशिका’ घडवली. म्हणूनच पुण्यातल्या राष्ट्रीय संस्थेचे हिंदी नाव ‘कोशिका विज्ञान केन्द्र’ असते आणि मराठी वर्तमानपत्र तिलाच पेशीविज्ञान केंद्र म्हणते. दोन्ही नावे एकाच अंड्यातून निघालेली!

वैद्यकाच्या ग्रंथांत पेशीचा अर्थ वेगळा आहे. सुश्रुत शरीरात पाचशे पेशी मोजतो, त्या मांसाच्या. हिंदीत ‘मांसपेशी’ अजून त्याच अर्थाने चालते. आपण मराठीत तिथे ‘स्नायू’ म्हणतो, आणि सुश्रुताच्या लेखी स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतू. चरकाच्या शारीरस्थानात तर पेशी ही गर्भाची अवस्था आहे. दुसऱ्या महिन्यातला घट्ट झालेला गर्भ पिंड, पेशी किंवा अर्बुद अशा आकाराचा असतो असे तिथे सांगितले आहे. आज अर्बुद म्हणजे गाठ, ट्यूमर. प्रयोगशाळेत एखादी मूलपेशी खरोखर सर्व प्रकारच्या ऊती घडवू शकते का हे तपासायचे, तर ती उंदराला टोचून तिची गाठ बनते का ते पाहतात. गर्भपेशींपासून केलेल्या उपचारातली मोठी भीतीही गाठीचीच असते. पेशी आणि अर्बुद हे शब्द चरकाकडे शेजारी बसलेले पाहून मन क्षणभर थबकते. पण तो योगायोग आहे, आणि त्याला योगायोगच म्हटले पाहिजे.

हे इतक्या आग्रहाने सांगायला कारण आहे. महाभारताच्या आदिपर्वात गांधारीच्या पोटी लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट ‘मांसपेशी’ जन्मते, तिचे भाग तुपाच्या कुंभांत ठेवतात आणि त्यांतून कौरव होतात. या कथेच्या आधारे प्राचीन भारताला मूलपेशींचे तंत्र अवगत होते, असे 2019 च्या जानेवारीत जालंधरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून सांगितले गेले. त्या श्लोकातली पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सूक्ष्मदर्शकातली पेशी तिच्यावर कलम झाली ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात. शब्द हाती असणे म्हणजे ज्ञान हाती असणे नव्हे. व्यासांची कल्पनाशक्ती थोर आहेच; तिला प्रयोगवहीचा दाखला चिकटवल्याने ती वाढत नाही आणि विज्ञानही वाढत नाही.

‘मूल’ हे पद आले जर्मनमधून. अर्न्स्ट हेकेलने 1868 मध्ये ‘श्टामत्सेल’ हा शब्द वापरला, तो सगळ्या बहुपेशीय जीवांच्या एकपेशीय पूर्वजासाठी. ‘श्टाम’ म्हणजे झाडाचे खोड आणि घराण्याचा वंशही. इंग्रजी ‘स्टेम’ ऐकताना आज खोड किंवा देठच डोळ्यांसमोर येतो. त्याचे शब्दशः ‘खोडपेशी’ केले असते तर वंश हरवला असता. कोकणातल्या घराण्यांचे कुलवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत त्यांना ‘मूळपुरुष’ ठाऊक असतो. मूलपेशीतले ‘मूल’ हे त्या मूळपुरुषातले आहे. या एका बाबतीत मराठी शब्द इंग्रजीपेक्षा हेकेलच्या अधिक जवळ गेला आहे.

मूलपेशीचे वैशिष्ट्य असे, की दुभागताना तिची एक लेक आईसारखीच राहू शकते आणि दुसरी वेगळ्या कामाला लागते. गावांच्या नावांत हे चित्र जुनेच आहे. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, थोरले. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. थोरले जागच्या जागी राहते, धाकटे वेगळे वसते. रक्त, त्वचा आणि आतड्याचे अस्तर आयुष्यभर नवे होत राहते ते याच व्यवस्थेमुळे. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतली पेशी चार जनुकांच्या जोरावर उलट पावली मूलपेशीसारख्या अवस्थेत नेली, पुढच्याच वर्षी माणसाची, आणि 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पण रुग्णाच्या उपयोगी पडलेली मूलपेशी पहिल्यांदा सापडली ती हाडात. ‘मज्जा’ हा संस्कृत शब्द आणि ‘मगज’ हा फारसीतून आलेला आपला घरगुती शब्द, दोन्ही एकाच आर्य मुळाचे. रक्त तयार करणाऱ्या पेशी या मगजात असतात. त्याचे भारतातले पहिले प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. टाटांचे हे काम आता खारघरच्या केंद्रात चालते, म्हणजे गागोदे ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात. रक्ताच्या कर्करोगाला आणि थॅलॅसेमियाला हा पारखलेला, मान्य उपचार आहे. सिकलसेलवर तर 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रुग्णाच्याच मूलपेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याला मान्यता दिली. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांतल्या किती घरांना सिकलसेल हा शब्द ठाऊक आहे ते आठवले, की या बातमीचे मोल कळते, आणि तिची अफाट किंमत मनाला टोचते. 2025 मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे निष्कर्ष आले: मूलपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिन-पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांना वर्षानंतर इन्सुलिन टोचावे लागत नव्हते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र त्यांना घ्यावी लागतात.

‘नाळ’ हा शब्द मूलपेशींच्या बाजारात सर्वांत जास्त वापरला जातो, कारण तो काळजाला हात घालतो. संस्कृत ‘नाल’ म्हणजे कमळाचा पोकळ देठ. नाळेतल्या रक्ताचे पहिले प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसला एलिआन ग्लुकमन यांनी केले आणि ते खरे यश होते. त्यात रक्त होते नवजात बहिणीचे आणि रुग्ण होता भाऊ. बाळाचे रक्त बाळासाठीच साठवा ही जाहिरात वेगळी गोष्ट सांगते. बाळाला जन्मजात रक्तविकार असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एका शब्दाचे गाळणे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2007 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा शीर्षकात ‘मूलपेशी संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही होते. 2013 च्या आवृत्तीत ‘उपचार’ शब्द मुद्दाम काढून टाकला, आणि 2017 मध्येही तो परत आला नाही. कारण सरळ होते: रक्ताच्या आजारांवरचे प्रत्यारोपण सोडले तर बाकी बहुतेक सगळे अजून संशोधनच आहे. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्वमग्नतेसाठी मूलपेशींची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. तरी गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर ‘मूलपेशी उपचार’ अशा पाट्या शहराशहरांत दिसतात, आणि मुलासाठी शेत विकायला निघालेला बाप त्या पाटीवरचा शेवटचा शब्द खरा मानतो.

‘उपचार’ म्हणजे मुळात जवळ जाणे, सेवा करणे. पूजेतले सोळा उपचार याच अर्थाचे. त्यात बरे होण्याची हमी कधीच नव्हती. लोकांचा नेमका शब्द आहे ‘गुण’. औषधाचा गुण आला की नाही, एवढेच गावातले माणूस विचारते, आणि चिकित्सालयीन चाचणीही तेच विचारते, फक्त मोजून आणि तुलना करून.

म्हणून कुणी तुमच्या माणसाला मूलपेशी सुचवल्या तर आधी विचारा: हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतला तिचा क्रमांक मागून घ्या. आणि हे लक्षात ठेवा, की प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रयोगाचे पैसे घेणे परिषदेच्या तत्त्वांत बसत नाही. कुणी मागितले तर तिथून उठून या.